हुकमाचा एक्का थकला की: पहिल्या पाचात की बेंचवरून?

पस्तिशी ओलांडलेला एखादा दादा ज्या बास्केटबॉल संघात आहे, त्या कोचला हे ठरवावंच लागतं. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी. दादाला पहिल्या पाचात ठेवून मिनिटं कापायची, की बेंचवर बसवून नंतर उतरवायचं? मी दोन्ही करून बघितलंय.

त्याआधी कोचच्या हातात असतं किती, तेही बघा. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला स्टार कोबे ब्रायंट, त्याचा लेकर्स संघाशी दोन वर्षांचा 4 कोटी 85 लाख डॉलरचा करार होता. शेवटच्या 2015-16 च्या हंगामात संघ 82 पैकी 17 सामने जिंकला, तरी त्याला बसवायचं कोण? आमच्याकडे करार नसतो, पण टेम्पोचं भाडं आणि एंट्री फी दादाच भरतो. म्हणजे तेच की.

मिनिटं कापायचा मार्ग दिसायला सभ्य. मान राहतो, पोरांनाही धीर येतो. एनबीएतल्याच स्पर्स संघाचे तेव्हाचे कोच पोपोविच, त्यांनी आपल्या टिम डंकनला असंच जपलं. 2013-14 मध्ये सामन्याला सरासरी 29 मिनिटं, आणि शेवटी विजेतेपद. त्याआधी 2012 मध्ये एकदा तर त्याला विश्रांती दिली आणि स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण छापून आलं, 'म्हातारा'! पण डंकनसारखा शांत माणूस तुमच्याकडे असेल तर हा लेख वाचायची गरजच नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच ठिकाणी. बदली खेळाडू स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन बसला, तरी डेड बॉल होईपर्यंत, म्हणजे खेळ थांबेपर्यंत, आत येऊ शकत नाही. तेवढा वेळ दादाला पुरतो. आपल्याला काढणार हे त्यानं तिरक्या नजरेनं हेरलेलं असतं, मग पुढचा बॉल हातात आला की कुठूनही थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट. लागला तर माझ्याकडे बघून हात वर, ‘काढा की आता!’ हुकला तर समोरच्यांचा फास्ट ब्रेक, पळत येऊन बास्केट. टिळकवाडीतल्या एका सामन्यात तीन वेळा असं झालं. कडेला उभे असलेले लोक 'साकू, साकू' (कानडीत 'पुरे, पुरे') ओरडत होते, मला की त्याला ते अजून कळलेलं नाही.

बेंचवर बसवायचं तर एकदाच वाईटपणा घ्यावा लागतो. स्पर्सचाच जिनोबिली बेंचवरून येऊन 2008 चा सर्वोत्तम सहावा खेळाडू, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांत सर्वोत्तम, ठरला. वॉरियर्स संघाच्या इग्वोडालानं तोवरचे सगळे 758 सामने पहिल्या पाचात सुरू केले होते. कोच स्टीव्ह कर यांनी 2014-15 मध्ये त्याला बसवलं, आणि तोच अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलटही होतं म्हणा. 2009 मध्ये एकेकाळचा स्टार आयव्हरसन मेम्फिसकडून बेंचवरून तीन सामने खेळला आणि निघून गेला.

आमचा दादा आठ दिवस बोलला नाही. चहाला बोलावलं तर ‘मी काय म्हातारा झालो काय रे?’ एवढंच. पण त्याला काढण्याऐवजी पाठवायला लागल्यापासून तो घाईचा थ्री बंद झाला. दुसऱ्या क्वार्टरला समोरची पोरं दमलेली असतात, तेव्हा त्याचे पास चालतात. तुमच्याकडचा माणूस वेगळा असेल, पण मला विचाराल तर बेंच.

फक्त तो आता बूट सोडून बसतो. बोलावलं की सावकाश लेस बांधतो, तेवढ्यात एक डेड बॉल निघून जातो.