११ तास रेकॉर्ड केलं, हातात राहिली ४१ मिनिटं

हे लिहायला मला बरेच महिने लागले. लिहायला बसलं की आप्पा आठवतात आणि मग पुढं काही सुचत नाही. पण परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, तिला तिच्या आजीच्या आठवणींचा पॉडकास्ट करायचाय आणि इन्स्टावर एक जण स्टोरी डेव्हलपमेंटपासून अपलोडपर्यंत सगळं करून देतो म्हणतोय, तर ताई तुझा अनुभव काय. तिला तासभर सांगितलं. मग वाटलं एकीला सांगून काय उपयोग, लिहूनच टाकू.

आप्पा म्हणजे माझ्या बाबांचे तालमीतले दोस्त. जन्म गेला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, आधी स्वतः लढले आणि नंतर पोरं घडवली. १९५९ ला श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले तेव्हा आप्पा १९ वर्षांचे, त्या वेळच्या तालमीतलं वातावरण ते असं सांगायचे की ऐकताना खुराकाचे बदाम वाटल्याचा आवाज कानात यावा. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, कुस्त्यांचं खासबाग मैदान त्याला लागूनच, त्या रात्री आप्पा झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोप्यात बसून मला म्हणाले, "पोरी, १९१२ सालचं मैदान हाय ते. दगड ऱ्हातील, पण तितं काय काय झालं ते सांगणारं आता किती उरलं गं?" तिथंच मी ठरवलं की आप्पांचं सगळं रेकॉर्ड करायचं.

मी अकाउंट्सची नोकरी करते, मला ऑडिओतलं काही कळत नव्हतं. एक रील दिसलं, 'तुमच्याकडं गोष्ट आहे, बाकी आमच्यावर सोडा'. मेसेज टाकला तर दहा मिनिटांत फोन. माणूस बोलायला इतका गोड, ताई ताई करत होता, आप्पांबद्दल इतके प्रश्न विचारले की मला वाटलं याला खरंच आस्था आहे. पॅकेज सांगितलं ८ एपिसोडचं ७२,००० रुपये, त्यात स्टोरी डेव्हलपमेंटचे २०,००० आणि एडिटिंग मिक्सिंगचे एपिसोडला ६,५००. अर्धे आधी. ३६,००० मी जीपे केले आणि नाव आलं कुणा तिसऱ्याच माणसाचं, विचारलं तर म्हणाला आमच्या पार्टनरचं अकाउंट आहे, फर्मचं करंट अकाउंट व्हायचंय अजून. अॅग्रीमेंट मागितलं तर म्हणाला ताई व्हॉट्सअॅपवर सगळं लिहिलेलंच आहे की. मी हिशेबाचं काम करणारी बाई, दुसऱ्याच्या व्हाउचरवर सही नसली तर परत पाठवते, आणि इथं गप्प बसले कारण मला आप्पांची घाई होती. त्यांची तब्येत तेव्हाच उतरायला लागली होती.

मग त्यानं कुरिअरनं एक रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचे दोन माईक पाठवले, डिपॉझिट ५,०००. पाच रविवार मी आप्पांकडं बसले. हौद्यातली माती कशी करायची, तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू किती आणि कधी घालायचं, पावसाळ्यात ती कशी जपायची हे सगळं. ढाक हा डाव कुठं लागतो आणि कलाजंग डाव मारताना चुकलं की काय होतं हे सांगताना ८४ वर्षांचा माणूस खुर्चीतून उठून माझ्या भावाला धरून दाखवत होता. गावोगावच्या मैदानांची हलगी तोंडानं वाजवून दाखवली. एकदा बाबांची आठवण काढून रडले, मी रेकॉर्डर बंद केला नाही. सगळं मिळून ११ तास भरले.

आता खरी चूक इथं झाली, नीट वाचा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये होतं, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, स्टिरिओ. त्यात तासाला साधारण १ जीबी जातो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर जागा नव्हती, मी त्याला सांगितलं की कॉपी करून मग पाठवते, तर तो म्हणाला ताई काढताना फाइल करप्ट होतात, कार्ड तसंच पाठवा, आम्ही ड्राइव्हवर टाकून लिंक देतो. मी रेकॉर्डर आणि कार्ड बॉक्समध्ये घालून राजारामपुरीतनं कुरिअर केलं. तो बॉक्स माझ्या हातातनं गेला आणि आप्पा गेले, असं मला आज वाटतं. ७०० रुपयांचा पेन ड्राइव्ह आणला असता तर ही वेळ आली नसती.

तीन आठवड्यांनी स्टोरी बायबल, म्हणजे शोच्या गोष्टीचा आराखडा, म्हणून १४ पानांची पीडीएफ आली. वाचून मी हादरले. त्यात खासबाग म्हणजे झाडाफुलांची बाग लिहिलेली, मोतीबाग तालीम म्हणजे दुसरी बाग आणि पैलवान तिथं फिरायला जायचे. आणि आप्पांच्या तोंडी अशी वाक्यं घातलेली जी त्यांनी जन्मात म्हटली नाहीत, 'माती हीच माझी आई आणि कुस्ती हाच माझा श्वास' असलं. आप्पा असं बोलत नाहीत हो. एकही मिनिट न ऐकता मशीनकडनं लिहून घेतलेलं होतं ते, आणि त्याचे २०,०००.

नंतर इथल्याच एका साउंडवाल्या काकांनी मला समजावलं की गोष्ट बांधणं म्हणजे काय. आधी सगळं टेप ऐकायचं आणि लॉग काढायचा, म्हणजे कुठल्या मिनिटाला माणूस काय बोलला, कुठं थांबला, कुठं आवाज बदलला. मग ठरवायचं की ही गोष्ट नक्की कुणाची आहे, आप्पांची की तालमीची की त्यांच्या आणि बाबांच्या दोस्तीची, आणि त्याप्रमाणे एपिसोडची आउटलाइन करायची, प्रत्येक ठिकाणी टाइमकोड लिहून. मग काय कमी पडतंय ते बघून परत रेकॉर्डिंगला जायचं, शड्डूचा आवाज, फावड्यानं हौदा उकरल्याचा आवाज, आणि कुणीच बोलत नसताना त्या खोलीचा नुसता आवाज पण, एडिटिंगमध्ये तो जोडायला लागतो. कुणी स्टोरी डेव्हलपमेंटचे पैसे मागितले तर लॉग दाखव म्हणा. ज्यानं ऐकलंय त्याच्याकडं तो असतोच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथं आवाजाचं काम जाणणारी माणसं आजही आहेत, आणि मी आधी त्यांना विचारलंच नाही याचं फार वाईट वाटतं.

पीडीएफवरनं मी चिडले तर त्यानं माफी मागितली, ज्युनिअरनं केलं म्हणाला, आणि पटकन दोन एपिसोड पाठवले, २२ मिनिटं आणि १९ मिनिटं. एमपीथ्री. त्यात आप्पांचा आवाज ऐकून मी विरघळले, खोटं कशाला सांगू. मग होस्टिंगचे, म्हणजे शो नेटवर ठेवायचे, वर्षाचे ६,००० दिले, आणि प्रमोशनचे १५,०००. नंतर कळलं की त्यानं तो शो फुकट होस्टिंगवर टाकला होता, स्पॉटिफायचं स्वतःचं होस्टिंग फुकटच असतं. प्रमोशनचा स्क्रीनशॉट आला, चार दिवसांत ९,४०० डाउनलोड. खाली देशांची यादी होती ती मी मोठी करून बघितली तर जवळपास सगळे एका परदेशातले. कोल्हापूरच्या भाषेतला कुस्तीचा पॉडकास्ट तिथं कोण ऐकणार? पॉडकास्ट मोजायची जी मान्य पद्धत आहे त्यात निदान ६० सेकंदांचा ऑडिओ उतरला तरच डाउनलोड धरतात आणि एका एपिसोडचे एकाच माणसाचे २४ तासांत कितीही झाले तरी एकच, म्हणजे ते आकडे कुठनंतरी विकत घेतलेले. माझ्या सगळ्या नातेवाइकांत मिळून कुणी ३० जणांनी ऐकला असेल.

तोपर्यंत माझे ६२,००० गेले होते. मी म्हटलं पुढचं काम नको, फक्त माझ्या ओरिजनल फाइल्स आणि शोचं लॉगिन द्या. तर म्हणाला रॉ फाइल्स आणि आरएसएस ट्रान्सफरचे वेगळे ४०,००० होतील. आरएसएस फीड म्हणजे तुमच्या शोचा पत्ता, सगळी अॅप्स तिथनं एपिसोड उचलतात. त्या फीडमध्ये जो ईमेल असतो तो मालक, स्पॉटिफायवर शोवर हक्क सांगायला गेलं तर कोड त्याच ईमेलवर जातो. माझ्या शोत ईमेल त्याचा, खाली नाव त्याच्या फर्मचं. आप्पांचं नाव फक्त टायटलमध्ये.

श्रावणात आप्पा गेले. मी त्याला मेसेज केला की आप्पा वारले, घरच्यांना आवाज पाहिजे, माणुसकी म्हणून फाइल्स द्या. दोन निळ्या टिका आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. महिन्याभरात शो पण काढून टाकला. मी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले दोन एपिसोड आप्पांच्या नातवानं जपून ठेवलेत म्हणून ४१ मिनिटं तरी वाचली. बाबांची आठवण काढून रडले होते तो भाग त्यात नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन केला, तक्रार नोंदवली, पण तो नंबर लगेच केला तर पैसे अडवायला उपयोगी पडतो आणि माझ्या व्यवहारांना महिने झाले होते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली, साहेबांनी नीट ऐकून घेतलं पण तुमचं अॅग्रीमेंट कुठाय हाच पहिला प्रश्न. वकिलांनी एक धीर दिला की कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, मी सही केलेलीच नाही. पण दुसरी गोष्ट पण सांगितली, ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्यानं निर्माता असतो, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, आणि त्या माणसानं बिलावर निर्मिती म्हणून स्वतःच्या फर्मचं नाव टाकलं होतं. त्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता, पत्ता नव्हता, हे मी तेव्हा बघितलंच नाही. ग्राहक आयोगात अर्ज तयार केलाय, ५ लाखांच्या आतल्या कामाला तिथं फी लागत नाही. घरगुती आठवणींसाठी केलेलं काम आहे, धंद्यासाठी नाही, हे त्यात स्पष्ट लिहायला लागतं.

त्या मुलीला मी सांगितलं की रेकॉर्डर कुणाचाही असू दे, आजीच्या घरातनं उठायच्या आधी कार्डची कॉपी दोन ठिकाणी व्हायला पाहिजे. होस्टिंग तुझ्या ईमेलनं उघड आणि काम करणाऱ्याला नुसता एडिटरचा अॅक्सेस दे. निर्माता तू, हे कागदावर लिहून घे. एका एपिसोडचं काम झालं, ओरिजनल फाइलसकट हातात आलं, की त्याचे पैसे दे, मग पुढचा एपिसोड. यावर कुणी रुसला तर रुसू दे.

एक मागणं आहे. ते टेप त्यानं पुसलं नसेल असं मला अजून वाटतं, दुसऱ्या कुठल्या शोत तुकडे वापरले असतील. तालमीबद्दल म्हाताऱ्या कोल्हापुरी आवाजात कुठं काही ऐकलंत तर मला कळवा. आप्पा ओळखायला सोपे आहेत, मातीत ताक घालायचं सांगताना ते आधी मांडीवर एक थाप मारतात, आणि मागं सोप्यातलं घड्याळ वाजतं, पाच मिनिटं पुढं असलेलं.