धार्मिक अनुभवाचे प्रकार: जेम्स, ऑटो की स्विनबर्न, कोणाचं धरायचं?

सेमिनारला ‘धार्मिक अनुभव’ घेतलाय आणि कोणाची वर्गवारी धरावी ते ठरत नाहीये, तर आधी एवढंच बघा की तुम्हाला अनुभवाचं वर्णन करायचंय की त्यावरून देव आहे असं म्हणता येतं का ते तपासायचंय.

वर्णनच करायचं तर विल्यम जेम्स, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ. एडिंबरातली त्याची व्याख्यानं १९०२ मध्ये पुस्तक म्हणून आली, त्यात चार खुणा आहेत: शब्दांत सांगता येत नाही, काहीतरी कळलंय अशी खात्री वाटते, फार टिकत नाही (अर्धा तास, फार तर तास-दोन तास म्हणतो तो), आणि आपण काही करत नसतो, ते आपल्याला होतं. पाठ करायला एकदम सोपं, पण या खुणा गूढ अनुभवाच्या (म्हणजे देवाशी किंवा अंतिम सत्याशी थेट एकरूप झाल्यासारखं वाटण्याच्या) आहेत, सरसकट सगळ्या धार्मिक अनुभवांच्या नाहीत, आणि पेपरात निम्मी पोरं इथेच घोळ घालतात.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ऑटोचं (१९१७) वेगळंच, पवित्रासमोर धडकी भरते आणि तरी ओढ सुटत नाही, हे त्याचं मुख्य. गीतेचा अकरावा अध्याय त्याने स्वतःच उदाहरण म्हणून घेतलाय, विश्वरूप बघून अर्जुन थरथरतो आणि आधीचं रूप दाखव म्हणून विनवतो, ते वाचलं की ऑटो लगेच कळतो. शांत, निवांत अनुभवांना मात्र त्याच्याकडे फारशी जागा नाही.

देव आहे की नाही यावर वाद घालायचाय तर डोळे झाकून ब्रिटिश तत्त्वज्ञ स्विनबर्न (१९७९). पाच प्रकार: सगळ्यांना दिसणाऱ्या साध्या गोष्टीत, म्हणजे सूर्यास्तात वगैरे, देव जाणवणं, सगळ्यांसमोर घडलेला चमत्कार, एकट्यालाच आलेला पण नेहमीच्या शब्दांत सांगता येणारा अनुभव, एकट्यालाच आलेला पण सांगता न येणारा, आणि पाचवा, दिसणं-ऐकणं काहीच नाही तरी देव आहे हे जाणवणं. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि अभंग रचायला सांगितलं, हा सरळ तिसरा प्रकार. वर त्याचं तत्त्व असं की उलट पुरावा नसेल तर जे जसं जाणवलं ते तसंच आहे असं धरावं. आता एकाला विठ्ठल दिसला, दुसऱ्याला मेरी, मग दोघांचंही धरायचं का, हा प्रश्न तुम्हाला व्हायवात येणारच, तयारी ठेवा.

तत्त्वज्ञ स्टेसचे (१९६०) बहिर्मुख (बाहेरच्या जगातच सगळं एक आहे असं दिसणं) आणि अंतर्मुख (आत वळून मन पूर्ण रिकामं होऊन एकत्व जाणवणं) हे दोन प्रकार फक्त वेगवेगळ्या धर्मांतल्या गूढवादाची तुलना करणार असाल तर घ्या, आणि घेतलेत तर सोबत त्याच्या विरोधातला, तत्त्वज्ञ कॅट्झचा १९७८चा लेख वाचाच, तो म्हणतो अनुभवच मुळात परंपरेने घडवलेला असतो.