भिंतीवरची बुरशी काढून घेतली, त्याचा अनुभव
नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या जुन्या घरात दर पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरत असे. रंगाऱ्याने दोनदा वरून रंग मारला, पण महिनाभरात पोपडे सुटले. यंदा बोलावलेल्या कारागिरांनी आधी ओलावा मोजणारे यंत्र भिंतीला लावले आणि गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचा सांधा गळत असल्याचे दाखवले. हेच मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण पाण्याची वाट बंद केल्याशिवाय बुरशी पुन्हा येतेच. खोली प्लास्टिकने बंद करून त्यांनी भुसभुशीत गिलावा खरवडला, हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्यूमने धूळ ओढली आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच नवा गिलावा केला. काम दोन दिवस लांबले, ही तक्रार आहेच. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवण्याचा आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवण्याचा त्यांचा सल्ला आम्ही पाळत आहोत.