एफडीला जीएसटी लागत नाही

मार्च 2024. बाणेरच्या एका पंधरा माणसांच्या कंपनीत लागून मला चौदा महिने झाले होते. पगार 36 हजार, राहायला कर्वेनगरला पीजी. खात्यात कसेबसे साठ हजार साठले होते आणि बाबांचा फोनवर रोज एकच धोशा: एफडी कर, नाहीतर उडवशील.

म्हणून पगाराचं खातं आहे त्याच बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी आतल्या केबिनमध्ये पाठवलं. तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने आधारवरचा पत्ता पाहिला आणि उठून उभाच राहिला. "तासगाव? मग गाववालेच की आपण! मी पलूसचा." पुढची पंधरा मिनिटं द्राक्षं, अवकाळी आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर गेली. पुण्यात आल्यापासून इतकं आपलेपणाने कुणी बोललं नव्हतं. मला फसवलं ते त्या पंधरा मिनिटांनी. योजना तर त्याने चारच वाक्यांत सांगितली.

"ताई, साध्या एफडीत काय ठेवताय? ही एफडीच आहे, पण इन्शुरन्सवाली. एकदाच 50 हजार टाकायचे, पाच वर्षांनी 75 हजार उचलायचे. मध्ये दवाखान्याचं कॅशलेस फुकट." कंपनीत मेडिक्लेम नव्हता, त्यामुळे त्या 'फुकट'वर मी अडकले. शिवाय 80सीमध्ये टॅक्स वाचेल म्हणाला. वर्षाला साधारण सव्वाचार लाख पगारावर मला टॅक्स बसतच नव्हता, तरी ऐकून आपण मोठे झालो असं वाटलं.

टॅबवर फॉर्म त्यानेच भरला. मी ओटीपी तेवढे सांगितले. ओटीपी म्हणजेच सही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. खात्यातून मात्र 52,250 गेले. वरचे 2,250 कसले, विचारलं. "प्रोसेसिंग चार्ज." ते होते साडेचार टक्के जीएसटी. पारंपरिक आयुर्विमा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर तेव्हा तेवढा लागायचा. एफडीच्या मुद्दलावर जीएसटी नसतो. तेवढं माहीत असतं तर मी त्याच खुर्चीतून उठले असते. (आता ही खूणही उरलेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, म्हणजे तुमचे बरोबर 50 हजारच जातील.)

निघताना त्याने सांगितलं, "एक व्हेरिफिकेशनचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते." दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये लोंबकळत असताना तो आला. भरभर हिंदीत काही प्रश्न. मी हो, हो, हो.

सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला. पीजीतल्या मैत्रिणीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेडिक्लेमच्या डेस्कवर मी मोबाईलमधला पॉलिसी नंबर दाखवला. तिथल्या मुलाने दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ही लाइफ पॉलिसी आहे. तुम्ही गेलात तर घरच्यांना पैसे मिळतील." सलाइन लावायच्या आधी ऐकावं असं वाक्य नाही हे. बिल 41,600 झालं. बाबांनी सोसायटीतून उचलून पाठवलं.

बरी झाल्यावर विमा कंपनीकडे लेखी मागणी करून पॉलिसी आणि प्रपोजल फॉर्मची प्रत मिळवली. एफडी नव्हतीच ती. एन्डोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र: दरवर्षी 50 हजार, बारा वर्षं, विमा रक्कम पाच लाख. म्हणजे एकूण सहा लाख भरायचे, आणि मधेच मेले तर घरी पाच लाख आणि वर काही बोनस. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली, तर हातात शून्य. (1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमात एका वर्षानंतरही काही परत मिळतं.) फॉर्मवर माझं उत्पन्न बारा लाख होतं, नोकरीच्या जागी 'व्यवसाय', आणि ईमेल असा, जो मी जन्मात पाहिला नव्हता. पॉलिसी माझ्यापर्यंत का पोहोचली नाही, ते तिथे कळलं.

त्या ईमेलनेच मला वाचवलंही. पॉलिसी पटली नाही तर परत करायला फ्री लुकची मुदत असते, आता ती 30 दिवसांची आहे, आणि ती मोजतात पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून. कंपनी म्हणाली, मार्चमध्येच मेल केलाय. मी म्हटलं, कुणाला? मग त्यांनी व्हेरिफिकेशनचं रेकॉर्डिंग पुढे केलं. ते ऐकताना लाजेने कान तापले. मागे कंडक्टर ओरडतोय "पुढे सरका, पुढे सरका", बाई विचारतेय, बारा वर्षं हप्ता भरायचा हे समजलंय का, आणि मी "हो हो".

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार कक्षात केली आणि तीच विम्याची नियामक संस्था आयआरडीएच्या विमा भरोसा पोर्टलवर टाकली (फोनने करायची तर 155255). कंपनीने ती फेटाळली. मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे. पुण्यातलं त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील नको, दावा 50 लाखांपर्यंत चालतो. अट एवढीच की आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली हवी: तिने ती फेटाळलेली असावी, समाधान केलेलं नसावं किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं. नंतर वर्षाच्या आत लोकपालाकडे यायचं. मी पगाराच्या स्लिपा, खरा ईमेल आणि फॉर्मची प्रत जोडली. सुनावणीच्या आधीच कंपनीने हप्ता परत द्यायची तयारी दाखवली. व्याज नाही.

मधल्या काळात "आयआरडीएमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, 15 हजार भरा" असे तीन फोन आले. आयआरडीए कुणाला असे फोन करत नाही.

पलूसवाल्याचाही एक फोन आला. "ताई, मार्चचं टार्गेट होतं हो. तक्रार मागे घ्या, नोकरी जाईल माझी." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तक्रार मागे घेतली नाही.

पुढे मी दहा लाखांचा साधा आरोग्य विमा घेतला. तिथला एजंट म्हणाला, दमा लिहू नका, हप्ता वाढेल. मी लिहिला. हप्ता वाढला, दम्यासाठी प्रतीक्षा कालावधी लागला (नियमाने तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा), पण उद्या 'लपवलंत' म्हणून क्लेम नाकारायला कारण उरलं नाही. टर्म प्लॅनही, म्हणजे फक्त मेल्यावर घरच्यांना पैसे देणारा विमा, घेतला, कारण माझ्या शैक्षणिक कर्जावर बाबांची सही आहे. ते कर्ज नसतं तर या वयात घेतला नसता.

52,250 परत आले. 41,600 अर्थातच नाही.

परवा पीजीतली नवीन मुलगी अशीच एक 'एफडी' करून निघाली होती. मी तिला म्हटलं, त्या साहेबांना व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न टाक: हप्ता एकदाच की दरवर्षी, पैसे मोडून कधी आणि किती मिळतील, दवाखान्याचं बिल यातून निघेल का? उत्तर लिहून द्या म्हणावं. निळ्या टिका लगेच आल्या. तासाभराने उत्तर आलं: "मॅडम, ब्रांचला या ना, समोर बसून समजावून सांगतो."