गोदी स्फोट वॉक: माहिती भारी, माईक भंगार
१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाज उडालं, त्यावरचा हेरिटेज वॉक केला, मस्तय. गाईडला विषय तोंडपाठ, एकाच जहाजात साधारण १४०० टन दारूगोळा आणि वर कापसाच्या गाठी, म्हणजे आगीला आमंत्रणच की, दुपारी आग दिसली, ४ वाजून गेल्यावर पहिला स्फोट आणि अर्ध्या तासात दुसरा. सोन्याच्या विटा उडून लांब जाऊन पडल्या यावरच सगळ्यांचे प्रश्न, पण ६६ फायरमन गेले आणि म्हणून १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात हे शाळेत कुणी सांगितलं होतं का? गोदीत आत नेत नाहीत, बाहेरूनच बघायचं. ट्रकच्या हॉर्नमधे माईक ऐकूच येत नाही, गाईडला चिकटून चाला. ४ स्टार.