फार्मइझी: आईच्या गोळ्या, काकांची कात्री आणि घाटकोपरचा डॉक्टर

तीन वर्षं झाली आईच्या महिन्याच्या गोळ्या फार्मइझी या घरपोच औषधांच्या ॲपवरून मागवतोय, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहावं, कारण ॲपस्टोरवर जे रिव्ह्यू असतात ते एकतर 'बेस्ट ॲप' नाहीतर शिव्या, मधलं काहीच नसतं.

आधी आमचा सेटप सांगतो. मी ठाण्यात, आई डोंबिवलीत, वय ७१, बीपी, शुगर आणि थायरॉइड. गोळ्या पाच प्रकारच्या, त्याशिवाय इन्सुलिन. पूर्वी मी दर महिन्याला रविवारी जाऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पिशवी भरून ठेवायचो, एखादी गोळी तिथे नसली की "उद्या या" आणि उद्या मी ऑफिसात. हे ॲप सुरू केलं ते या एका "उद्या या"साठी, डिस्काउंट वगैरे नंतर कळलं.

ॲपमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकायचा, औषधं निवडायची, मग ते लोक चिठ्ठी तपासतात आणि ऑर्डर पुढे जाते. आमच्या फॅमिली डॉक्टरचं अक्षर तुम्ही बघितलं असतं तर कळलं असतं ही किती मोठी गोष्ट आहे, पहिल्यांदा मला वाटलेलं नक्की फोन येणार की हे काय लिहिलंय, पण आला नाही. गोळीचं नाव टाकलं की खाली कंपनी आणि आत काय औषध आहे तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे मला या वयात पहिल्यांदा कळलं की आईची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन, तोपर्यंत आमच्या घरी ती "पांढरी सकाळची" होती.

बॉक्स आला की आईचा कार्यक्रम सुरू होतो. चष्मा, वर भिंग, आणि प्रत्येक स्ट्रिपची एक्सपायरी बिलाशी ताडून बघणार. बिलावर बॅच नंबर, एक्सपायरी, ज्या फार्मसीतून माल निघाला तिचं नाव आणि लायसन्स नंबर सगळं असतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की असं मार्केटप्लेस ॲप स्वतः औषध विकत नाही, ऑर्डर घेऊन लायसन्सवाल्या केमिस्टकडे देतं आणि बिल त्या केमिस्टचं येतं. म्हणजे काही झालं तर आधी बिलावरचं नाव बघा. आणि २०२३ च्या ऑगस्टपासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड कंपल्सरी झालाय, तो माझा भाचा मोबाइलने स्कॅन करून आजीला वाचून दाखवतो, तिला भिंगापेक्षा ते जास्त पटतं.

अख्खी स्ट्रिप मिळते हा आईच्या मते सगळ्यात मोठा फायदा. मेडिकलवाले काका कात्रीने सहा गोळ्या कापून द्यायचे आणि एक्सपायरी नेमकी उरलेल्या तुकड्यावर, म्हणजे काकांच्याच ड्रॉवरमध्ये. पण अख्ख्या स्ट्रिपचा त्रासही आहे, एक गोळी दहाच्या पाकिटात, एक पंधराच्या, एक वीसच्या, त्यामुळे तीस दिवसांचा हिशोब कधीच एकदम बसत नाही, वीसवालीची दीड स्ट्रिप लागते आणि दोन घ्याव्या लागतात. आईने यावर कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने गणित मांडून ठेवलंय, सगळ्या गोळ्या एका दिवशी संपणार तो दिवस तिने काढलाय, साठ दिवसांनी. आता आम्ही दोन महिन्यांचीच ऑर्डर देतो.

स्वस्त पडतं का, तर हो, एमआरपीवर सूट मिळते, पण त्यातून डिलिव्हरी चार्ज वजा करा मग बोला. मेडिकलवाले काकाही आता दहा टक्के सोडतात, न मागता. आणि खरंच पैसे वाचवायचे असतील तर डॉक्टरला विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथल्या किमतीशी कुठलंच ॲप लढू शकत नाही. मी एकदा डॉक्टरांना विचारून एक गोळी बदलून आणलेली, आईने रंग बघितला आणि "ही माझी गोळी नाही" म्हणून परत डब्यात टाकली, विषय संपला.

आता इन्सुलिन. हे मी कुठल्याच ॲपवरून मागवत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ॲपवरून (नाव नाही घेत) मे महिन्यात मागवलेलं, आतला जेल पॅक पार वितळून कोमट, बॉक्स हाताला गरम. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. मी फोन केला तर समोरची पोरगी "सर सील ओपन झालंय का" एवढंच विचारत राहिली. ते फेकलं, पैसे गेले, तेव्हापासून इन्सुलिन काकांच्या फ्रीजमधून थेट बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये, आईच स्वतः जाते. अचानक ताप आला, रात्री उलट्या सुरू झाल्या तरी तेच, ॲप उघडून बसू नका, खाली जा.

रक्ताच्या टेस्टही इथूनच करतो, त्या थायरोकेअरच्या. २०२१ मध्ये फार्मइझीच्या मूळ कंपनीने थायरोकेअरचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटींना घेतला, तेव्हा पेपरात केवढं आलेलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडून वेलुमणींनी १९९६ मध्ये काढलेली लॅब, भरपूर सॅम्पल एका जागी आणून टेस्ट स्वस्तात करायच्या हे त्यांचं गणित. आमच्याकडे रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी पावणेसातला हजर होता, आईने उपाशीपोटी त्याच्यासाठी चहा टाकला. रिपोर्ट मोबाइलवर येतो. फक्त एक सांगतो, ही साठ-सत्तर टेस्टची पॅकेजेस सगळेच विकतात आणि एवढं तपासलं की एखादा आकडा ठळक अक्षरात येणारच, मग आई दोन दिवस झोपणार नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, मी सांगितलेल्या चारच करत जा.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंय. या कंपनीच्या फाउंडरांपैकी एक डॉक्टर आहे, धवल शाह, घाटकोपरचा, एमबीबीएस करून एमबीए केलं आणि शेजारचा लहानपणीचा मित्र धर्मिल शेठ याच्याबरोबर २०१५ मध्ये हे सुरू केलं. आता एंजल इन्व्हेस्टर म्हणून बाकीच्यांच्या स्टार्टअपमध्येही पैसे घालतो. आईला हे कळल्यापासून तिचा ॲपवर जास्त विश्वास, "डॉक्टरने काढलंय ना मग ठीक". मला मात्र प्रश्न पडतो की ॲपमध्ये डॉक्टर दिसतो कुठे. आत काय औषध आहे ते लिहिलंय, चिठ्ठीशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही, गोळ्या संपत आल्या की आठवण येते, इथे दिसतो. पण औषधाच्या कुठल्याही ॲपवर कार्टमध्ये बीपीची गोळी टाका आणि बाजूला प्रोटीन पावडर, फेसवॉश, आणि आणखी अमुक रुपयांचं घ्या म्हणजे डिलिव्हरी फ्री, तिथे स्टेथोस्कोप काढून ठेवलेला असतो. डॉक्टर कधी म्हणतो का आणखी दोन गोळ्या घ्या म्हणजे फी माफ?

धंदा म्हणून पण सोपं नव्हतं हे. केमिस्ट लोकांनी ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात ३० मे २०१७ ला देशभर बंद ठेवलेला, २०१८ ला सरकारने नियमांचा मसुदा काढला, त्याच डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाची बंदी आली. मग मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये सरकारनेच घरपोच औषधांना परवानगी दिली आणि आमच्या बिल्डिंगमधले काका लोकही ॲप शिकले. फार्मइझी नंतर ६,२५० कोटींच्या आयपीओला, म्हणजे शेअर बाजारात उतरायला निघाली, अर्ज २०२२ मध्ये मागे घेतला, आणि २०२३ ला पैसे उभे केले तेव्हा किंमत आधीच्या दहाव्या हिश्श्यावर आलेली. आम्ही मागवायला लागल्यापासून आईच्या गोळ्या मात्र वेळेवर येतायत, त्यामुळे हे सगळं मला पेपरातूनच कळलं.

रेटिंग द्यायचं तर पाचात पावणेचार. लांब राहणाऱ्या आईबापाच्या ठरलेल्या गोळ्यांसाठी डोळे झाकून घ्या (आई म्हणेल भिंग लावून घ्या).

परवा आईला सांगितलं की तो डॉक्टर आणि त्याचे मित्र २०२५ ला फार्मइझीतून बाहेर पडले, आता 'ऑल होम' नावाने घर बांधायचं, सजवायचं सामान विकायची कंपनी काढलीये. ती स्ट्रिप हातात धरून बसली मिनिटभर. मग म्हणाली, "म्हणजे आता टाइल्स? अरे मग माझ्या गोळ्या बघतंय कोण?"