एमीतली श्रद्धांजली: भाषणं मनापासून, निवड चुकलेली

नवी पेठेत तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, त्यामुळे पडद्यावरची माणसं मला घरच्यासारखीच. काल दुकानाचं शटर ओढल्यावर अमेरिकी टीव्हीच्या 2013च्या एमी पुरस्कार सोहळ्यातला श्रद्धांजलीचा भाग पुन्हा पाहिला.

त्या वर्षी, नुकत्याच गेलेल्या टीव्हीवाल्यांपैकी पाच जणांची वेगळी आठवण काढली: नट जेम्स गँडॉल्फिनी, अभिनेत्री जीन स्टेपलटन, विनोदवीर जोनाथन विंटर्स, निर्माता गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग आणि 'ग्ली' मालिकेतला तरुण नट कोरी मॉन्टिथ. प्रत्येकासाठी कुणीतरी परिचयातलं उभं राहिलं. विंटर्ससाठी रॉबिन विल्यम्स, गोल्डबर्गसाठी मायकल जे. फॉक्स. 'द सोप्रानोज' मालिकेत गँडॉल्फिनीची बायको झालेली एडी फाल्को त्याच्या गाजलेल्या भूमिकेत अडकली नाही, माणसाबद्दल बोलली. माझ्या हातातला सोल्डरिंग गन तसाच राहिला.

पण जुने टीव्ही नट जॅक क्लगमन आणि लॅरी हॅगमन? दोघंही 2012च्या अखेरीस गेले आणि सगळ्यांच्या एकत्रित चित्रफितीत आटोपले. क्लगमननी तर तीन एमी जिंकलेल्या! त्यांच्या मुलाने उघड नाराजी बोलून दाखवली, ती मला शंभर टक्के पटते. मॉन्टिथ अवघ्या 31व्या वर्षी गेला, त्याचं दुःख मोठंच आहे. त्याला काढा असं मी म्हणत नाही. या दोन जुन्या नटांसाठी आणखी दोन मिनिटं द्यायची होती, बस्स.

आमच्या गल्लीत जुना विणकर गेला की शेजारचे माग थांबतात. पोरांना तो ठाऊक होता का, हे कुणी विचारत नाही.

भाषणांना पाचपैकी पाच. निवडीला दोन.